फलटण ते दहिगाव : एका जुन्या गाडीची वाट

सातारा जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, महादेव डोंगररांगेच्या उत्तरेकडील सखल पट्ट्यात फलटण वसले आहे. गावातून बाणगंगा वाहते आणि तालुक्याच्या उत्तर अंगाने नीरा. नाईक निंबाळकर घराण्याची ही राजधानी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. १९४८ साली संस्थान विलीन झाले. राजवाडा, राममंदिर आणि जुन्या पेठेतल्या अरुंद गल्ल्या मात्र आजही त्या काळाची ओळख सांगतात. पाऊस येथे बेताचाच. तरीही नीरेच्या उजव्या कालव्याने शिवारात ऊस उभा राहिला आणि उसामागोमाग बाजारपेठ वाढली. पंढरीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी येथे मुक्कामाला असते, आणि ज्या रस्त्याने ती पुढे जाते त्याच रस्त्याने येथील जैन कुटुंबे दहिगावला महावीरांच्या दर्शनाला जातात. बरड, धर्मपुरी, नातेपुते अशी गावे घेत जाणारा हा रस्ता फलटणकरांच्या पायाखालचा आहे.

जुन्या पेठेतल्या एका वाड्यात भुसार मालाचा व्यापार करणारे एक कुटुंब राहते. वाड्याच्या पहिल्या चौकात पूर्वी धान्याच्या बैलगाड्या रिकाम्या होत. बैलगाड्या गेल्या आणि त्या जागी १९८४ सालापासून एक पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी राहू लागली. त्या काळी मोटार मिळणे म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे. ज्या दिवशी गाडी घरी आली त्या दिवशी आख्ख्या गल्लीला पेढे वाटले गेले, ही आठवण घरात अजून सांगितली जाते.

या गाडीशी व्यापारी जैन समाजाचे आणखी एक नाते आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने आणि नंतर इटलीच्या फियाटच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. फियाट ११०० या गाडीचेच पुढे, १९७० च्या दशकात, ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. वालचंदांच्या नावाने वसलेले वालचंदनगर नीरेच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यात आहे. फलटणहून ते फार दूर नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. फलटणच्या चौकातली पांढरी पद्मिनी मात्र नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करून चालत राहिली, कारण ती अण्णांची होती.

अण्णांचे वय ८२. दुकानाचा कारभार मुलांच्या हाती सोपवून बरीच वर्षे झाली. गाडीची किल्ली मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती. रविवारी गाडी धुणे, रेडिएटरचे पाणी पाहणे आणि महिन्यातून एकदा दहिगावला जाऊन येणे हा त्यांचा नेम. दिवाळीनंतर गाडी किंचित कुरकुरू लागली. उभी असताना तिचे अंग थरथरे. रस्त्यावर कधी एखादा धक्का बसे, कधी काहीच होत नसे. गावातल्या गॅरेजमध्ये दोनदा नेले. प्लग नवे बसले, सी. बी. पॉइंट नवे बसले, कार्बोरेटर साफ झाला. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना धक्का कधीच बसला नाही. दाखवायला नेले की दुखणे पळते, असा हा विकार होता.

महावीर जयंतीला पाच माणसांना घेऊन अण्णा दहिगावहून परतत होते. दुपारचे ऊन तापले होते. बरडच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकण्यासाठी त्यांनी गाडी उजवीकडे घेतली आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पुढे झेपावण्याऐवजी अडखळली, खोकली आणि तिची ताकदच गेली. समोरून एस. टी. येत होती. चालकाने करकचून ब्रेक लावला, अण्णांनी गाडी पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे घेतली आणि अनर्थ टळला. गाडीत कोणी काही बोलले नाही. घरी आल्यावर थोरल्या मुलाने शांतपणे किल्ली उचलली आणि आपल्या कपाटात ठेवली. “अण्णा, आता हात-पाय थकले तुमचे. गिअर वेळेवर पडला नसेल,” एवढेच तो म्हणाला. अण्णांनी उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून ते चौकात फारसे येईनासे झाले.

मे महिन्यात थोरल्याची मुलगी परीक्षा संपवून पुण्याहून घरी आली. ती वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. घडलेली हकीकत तिने आईकडून ऐकली, वडिलांकडून ऐकली आणि काकांकडूनही ऐकली. काकांच्या बोलण्यात एक वाक्य सहज येऊन गेले. माघात आदर्कीच्या घाटात गाडीने त्यांनाही असाच धक्का दिला होता; पेट्रोलमध्ये कचरा असेल म्हणून त्यांनी ते मनावर घेतले नव्हते. मुलगी थबकली. गाडी काकांच्या हातून अडखळली तेव्हा दोष पेट्रोलला लागला आणि आजोबांच्या हातून अडखळली तेव्हा दोष वयाला लागला. एकाच स्वरूपाचा व्यवहार दोन वेगळ्या खात्यांवर टाकला गेला होता.

तिने दुकानातली एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले : तारीख, वेळ, चालक, किती मिनिटे गाडी चालल्यावर, सपाट रस्ता की चढ, गाडीत माणसे किती, आणि काय घडले. तिच्याकडे परवाना होता. पुढच्या तीन आठवड्यांत वडील, काका आणि ती स्वतः अशा तिघांनी आळीपाळीने गाडी चालवली. अकरा फेऱ्यांपैकी चारमध्ये धक्के बसले. ते चारही गाडी साधारण पंचवीस मिनिटे चालून पूर्ण तापल्यावर, आणि चढावर किंवा भरल्या गाडीने वेग घेताना बसले. ‘चालक’ या रकान्यात चारही वेळा तीन वेगवेगळ्या माणसांची नावे होती. अण्णांचे नाव एकदाही नव्हते. वही तिने वडिलांच्या गादीवर ठेवली. त्यांनी ती वाचली, मिटली आणि एवढेच म्हणाले, “मग दोष शोधा.”

शोध वाड्याच्या चौकातच सुरू झाला. चौक वरून उघडा असल्याने धूर कोंडण्याची भीती नव्हती. अण्णांना नातीने हाताला धरून आणले आणि खुर्चीवर बसवले. अण्णांची पहिली सूचना सुरक्षिततेची होती : गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगडाची उटी, आणि पंख्याच्या पट्ट्याजवळ ओढणी किंवा धोतराचा सोगा जाता कामा नये.

पद्मिनीच्या १०८९ सी. सी. इंजिनात चार सिलिंडर असतात आणि ते १-३-४-२ या क्रमाने पेटतात. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडावी लागते. म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील तर चारही सिलिंडर मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या. यांतल्या काही चुकल्या की गाडी अडखळते. मिस्त्री ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात ते हेच. प्रश्न एवढाच असतो की चूक एका सिलिंडरच्या खात्यातली आहे की चौघांच्या सामाईक खात्यातली. प्लग आणि प्लगची वायर हे ज्याचे त्याचे. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि इंधन हे सर्वांचे.

इंजिन मंद गतीवर चालू ठेवून नातीने रबरी मुठीच्या पकडीने एकेक प्लगची वायर क्षणभर काढून पुन्हा बसवली. पहिली काढताच इंजिन लंगडले. दुसरी काढल्यावर तसेच, चौथी काढल्यावरही तसेच. तिसरी काढली तेव्हा आवाजात जवळजवळ फरक पडला नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर मुळातच अर्धवट काम करत होता. तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगांची अदलाबदल केली. प्लग खराब असता तर दोष दुसऱ्या सिलिंडरकडे सरकला असता. तो तिसऱ्याकडेच राहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम लिहून ठेवायचा, हा नियम तिने शेवटपर्यंत पाळला.

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली आणि अंधार पडल्यावर चौकातले दिवे मालवले. पेट्रोल कोठे गळत नाही याची आधी खात्री करून घेतली होती. बॉनेट उघडे, इंजिन चालू, आणि सारे घर भोवती उभे. तिसऱ्या प्लगची वायर जेथे लोखंडी पट्टीला घासत होती तेथे निळ्या प्रकाशाचे बारीक धागे लुकलुकत होते. वीज प्लगपर्यंत पोचण्याआधीच वाटेत गळत होती. दिवसाउजेडी ते कोणाला दिसणे शक्य नव्हते. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. काका दुसऱ्या दिवशी पुण्याच्या नाना पेठेतून वायरींचा नवा संच घेऊन आले. तो बसवताच गाडीचे थरथरणे थांबले. घरात पुन्हा पेढे आले.

चाचणीसाठी दहिवडीच्या रस्त्याने मोगराळे घाटाकडे जायचे ठरले. फलटणचा सपाट मुलूख मागे टाकून हा घाट महादेव डोंगररांग चढतो आणि माणच्या कोरड्या प्रदेशात उतरतो. ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. पाच माणसांनी भरलेली गाडी घाटाच्या निम्म्यावर आली आणि तोच जुना धक्का बसला. मागोमाग आणखी दोन. परतीच्या वाटेवर थोरला मुलगा म्हणाला, “पुरे आता. विकून टाकू.”

त्या रात्री अण्णा बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने बोलले. ते दुकानात नवे असतानाची गोष्ट त्यांनी सांगितली. वर्षअखेरीस ताळा जुळेना. दोन रात्री जागून एक चूक सापडली, पण फरक कमी झाला तरी संपला नाही. दिवाणजी म्हणाले, पहिली चूक सापडली म्हणून पहिली खोटी ठरत नाही आणि हिशेब खोटा आहे असेही होत नाही. फरक दोन चुकांचा आहे. “वायर खराब होतीच,” अण्णा नातीला म्हणाले. “पण ती मंद गतीतल्या थरथरीची धनी. चढावरच्या धक्क्याचा धनी वेगळा आहे. तो तापल्यावरच बाहेर येतो. त्याला तापवून, तो हजर असतानाच पकडायला हवे.”

पुढच्या रविवारी हत्यारे बरोबर घेऊनच गाडी घाटाकडे निघाली आणि या वेळी अण्णाही शेजारच्या आसनावर बसले. धक्के सुरू होताच गाडी रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागी थांबवली. कॉइलकडून येणारी मुख्य वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून काढून तिचे टोक पकडीने इंजिनाच्या लोखंडापासून किंचित दूर धरले आणि स्टार्टर फिरवला. ठिणगी पडली, पण पिवळी, बारीक आणि अनियमित. सर्वांनी कडुनिंबाच्या सावलीत अर्धा तास काढला. इंजिन निवल्यावर तीच चाचणी पुन्हा केली. आता ठिणगी निळी आणि टणत्कार करणारी होती. पेट्रोलचा संशय फिटला. दोष विजेच्या सामाईक खात्यात होता आणि तो उष्णतेने जागा होत होता.

कॉइल की कंडेन्सर, एवढाच प्रश्न उरला. डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून पाहिले तेव्हा काही महिन्यांपूर्वीच बसवलेले पॉइंट जळून काळेनिळे पडले होते. घरी परतेपर्यंत इंजिन पुन्हा तापले होते. इग्निशन चालू ठेवून, बंद असलेले पॉइंट कोरड्या लाकडी काडीने उघडताच त्यांच्यामध्ये मोठा पिवळा चमकारा झाला. अण्णा लगेच म्हणाले, “कंडेन्सर.”

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पहिल्या वेढ्यातून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, ते क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी पडते. प्रवाह जितका झटक्यात तुटेल तितकी ठिणगी जोरकस. उघडणाऱ्या पॉइंटमधून उडी मारू पाहणारी वीज त्या क्षणी सामावून घेणे हे कंडेन्सरचे काम. तो तापून दुबळा झाला की वीज पॉइंटमध्येच जळते आणि प्लगच्या वाट्याला उरते ती फिकट ठिणगी. सपाट रस्त्यावर, हलक्या गाडीत तेवढ्यावरही भागते. चढावर किंवा एखाद्या वाहनाला मागे टाकताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबातून उडी मारायला ठिणगीला अधिक बळ लागते. नेमक्या गरजेच्या वेळी ती कमी पडते. बरडजवळ भर उन्हात, पाच माणसांच्या ओझ्याने, ट्रॅक्टरला ओलांडताना घडले ते हेच होते.

करंगळीएवढा कंडेन्सर. किंमत अगदी किरकोळ. नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट बसवले, पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे फीलर गेजने पॉइंटमधली फट लावली, आणि फट बदलली की ठिणगीची वेळही सरकते म्हणून छोट्या दिव्याच्या साहाय्याने टायमिंग पुन्हा तपासले. कॉइलला हात लावला नाही. दोष नसलेली वस्तू बदलली तर खरा दोष कोणता होता हे कधीच कळत नाही, असे नातीचे म्हणणे होते आणि अण्णांनी मान हलवून त्याला दुजोरा दिला. त्यानंतर भरलेली गाडी, भर दुपारी, तीन वेगवेगळ्या दिवशी मोगराळे घाट चढली. वहीत तिन्ही वेळा एकच शब्द पडला : निर्वेध.

तिसऱ्या फेरीच्या संध्याकाळी, जेवायला बसण्याआधी, थोरल्या मुलाने कपाटातून किल्ली आणली. सारे घर समोर होते. किल्ली काढून घेतली तेव्हाही सारे घर समोर होते, हे त्याच्या लक्षात असावे. “अण्णा, गाडीची चूक मी तुमच्या नावे टाकली होती,” तो म्हणाला. “आज उलट नोंद करतो. उशीर झाला.” अण्णांनी किल्ली घेतली, क्षणभर तळहातावर तोलली आणि म्हणाले, “व्याज नको.” घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसू फुटले.

ज्येष्ठातल्या एका सकाळी पद्मिनी पुन्हा दहिगावच्या वाटेला लागली. चाकावर अण्णा होते. कालव्याला पाणी होते, दोन्ही बाजूंना उसाचे खोडवे हिरवेगार दिसत होते, आणि वारी जवळ आल्याने रस्त्याच्या कडेची झुडपे साफ होत होती. बरडजवळ, जवळपास त्याच जागी, कडब्याने भरलेला एक ट्रॅक्टर पुढे आडवा आला. गाडीत कोणी बोलले नाही. अण्णांनी वेग कमी केला, समोरचा रस्ता लांबवर मोकळा होईपर्यंत वाट पाहिली, मग गिअर बदलून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी एका दमात पुढे निघून गेली.

नातेपुत्याला चहासाठी थांबल्यावर अण्णांनी किल्ली नातीपुढे धरली. तिने नको म्हणून पाहिले. “गाडीत दोष नव्हता असे तू म्हणाली नाहीस, म्हणून तो सापडला,” अण्णा म्हणाले. “माझ्यातही काहीच दोष नाही असे मी म्हणणार नाही. परतताना ऊन डोळ्यांवर येते आणि समोरचे वाहन मला पूर्वीइतके लवकर दिसत नाही. दुसऱ्याने किल्ली काढून घेणे निराळे आणि आपण होऊन देणे निराळे.” दहिगावपर्यंत आणि तेथून परत फलटणपर्यंत गाडी तिने चालवली. अण्णा शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले.

पावसाळ्याच्या तोंडावर ती पुण्याला परत गेली. वही गाडीच्या कप्प्यातच राहिली. घरातले जो कोणी गाडी बाहेर काढतो तो आता तारीख आणि चालकाचे नाव लिहितो. रविवारी सकाळी फलटणच्या त्या गल्लीतून जाणाऱ्याला वाड्याच्या उघड्या दिंडीतून पांढरी पद्मिनी दिसते, आणि तिच्याजवळ पाण्याची बादली घेऊन उभे असलेले अण्णाही.